भावाची दोन बोटं प्रेसमध्ये गेली, ठेकेदार म्हणतो 'रूमवर लागलं' असं लिहून दे. काय करावं?

परभणीकर_ताई:
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय तो पण असल्या विषयावर. माझा लहान भाऊ, वय २५, चाकणजवळ एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून कामाला आहे, आठ महिने झाले. प्रेस मशीनवर पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवतात. १२ ऑगस्ट २०२४ ला रात्रपाळीत पहाटे साडेतीनच्या सुमाराला पीस काढायला हात आत घातला आणि प्रेसने डबल मारला. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं. सुपरवायझरने पिकअपमध्ये घालून ठेकेदाराच्या ओळखीच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं आणि वाटेतच पढवलं की डॉक्टरने विचारलं तर रूमवर लोखंडी दारात बोटं सापडली म्हणायचं, खर्च सगळा आम्ही करतो, पोलीस केस झाली तर तुलाच हेलपाटे. तो कळवळत होता, हो म्हणाला. केस पेपरवर तेच लिहिलंय.

हॉस्पिटलचं बिल त्यांनी भरलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर अपघाताचा रिपोर्ट द्या म्हटलं तर रोज उद्या उद्या. १४ तारखेला भावाच्या मोबाईलवर मेसेज आला की तुमचा ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) विमा नंबर तयार झाला!! त्यावर कामावर लागल्याची तारीख १२ ऑगस्ट. आठ महिने गेले कुठे? आता ठेकेदार म्हणतो पुढचं ड्रेसिंग ईएसआयच्या दवाखान्यात कर, आणि ४० हजार घे आणि स्टॅम्पवर सही कर की काही मागणं नाही. भाऊ सही करायला निघाला होता, मी कागद काढून घेतला. कंपनीचं नाव इथे टाकत नाहीये. कोणाला अनुभव असेल तर सांगा, मी मोशीला राहते, शिवणकाम करते, कायद्यातलं मला ओ का ठो कळत नाही.

उगाचच_राव:
ताई वाईट वाटेल पण खरं सांगतो, ४० हजार घ्या आणि मोकळे व्हा. कोर्टात गेलात तर दहा वर्षं, वकीलच खाऊन टाकेल. बिल पण त्यांनीच भरलंय ना, काही ठिकाणी गेटवर सोडून देतात.

पेन्शनीतला_कारकून:
ताई, सही करू देऊ नका. मी राज्य विमा महामंडळात ३१ वर्षं काढली, शाखा कार्यालयात क्लेमच्या टेबलावर. तुम्ही लिहिलेलं वाचताना मला पुढचं वाक्य आधीच माहीत होतं, इतकी ही जुनी युक्ती आहे. अपघात झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसाचं रजिस्ट्रेशन करायचं आणि जॉइनिंगची तारीख अपघाताच्या दिवसाची टाकायची, म्हणजे मागचे आठ महिने हप्ता चुकवला ते झाकलं जातं.

आता 'रूमवर लागलं' आणि 'कामावर लागलं' यात फरक किती ते बघा. रूमवर लागलं तर तो आजार. आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के आणि त्याला आधी ७८ दिवसांचा हप्ता जमा असावा लागतो. तुमच्या भावाचे किती दिवस? दोन. म्हणजे मिळणार शून्य. कामावर लागलं तर ती रोजगार इजा, त्याला हप्त्याची कसलीही अट नाही, कामाच्या पहिल्या दिवशी पहिल्या तासाला लागलं तरी पगाराच्या ९० टक्के, बरा होऊन कामावर जायला फिट होईपर्यंत. आणि बोटं कायमची गेली त्याचा लाभ वेगळा, तो मेडिकल बोर्ड ठरवतं आणि तो आयुष्यभर दरमहा मिळतो.

कायद्याच्या परिशिष्टात बोटाबोटाचे टक्के छापलेत. तर्जनीची दोन पेरं ११ टक्के, मधल्या बोटाचं एक पेर ७ टक्के. म्हणजे १८ धरा, बोर्ड थोडं इकडेतिकडे करू शकतं. पगार किती होता ते सांगा, हिशोब करून देतो.

परभणीकर_ताई:
काका खूप धन्यवाद. ओटी धरून १८ हजारच्या आसपास बँकेत जमा व्हायचे, ठेकेदाराच्या खात्यातून. पावती एकदाही दिली नाही.

पेन्शनीतला_कारकून:
१८,००० म्हणजे रोजचे ६००. त्याचे ९० टक्के ५४०. त्याचे १८ टक्के म्हणजे ९७ रुपये २० पैसे रोज, महिन्याला २,९०० च्या वर. पंचवीस वर्षांच्या पोराला मरेपर्यंत, आणि त्यात मधूनमधून वाढ पण जाहीर होते. ठेकेदाराचे ४० हजार म्हणजे यातले चौदा महिने सुद्धा नाहीत. शिवाय घरी बसलेल्या दिवसांचे रोज ५४० वेगळे.

अजून एक खोच. त्यांनी रजिस्ट्रेशन करताना पगार किती दाखवलाय तो लगेच बघा. समजा १२ हजार दाखवला असेल तर हेच गणित महिन्याला १,९४४ वर येतं. जवळजवळ हजार रुपयाचा फटका, तोही जन्मभर. म्हणून पासबुकाची आठ महिन्यांची एंट्री मारून घ्या, सगळ्यात आधी.

काळा_कोट:
काकांनी सगळं बरोबर सांगितलंय, कायद्याच्या बाजूने दोनतीन गोष्टी जोडतो. कंपनीने हप्ता भरला नव्हता हा कामगाराचा गुन्हा नाही, महामंडळाने त्याला लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, ईएसआय कायद्याचं कलम ६८. ठेकेदाराचा माणूस असला तरी हप्त्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, कलम ४०. त्यामुळे 'तो आमच्या रोलवर नाही' हे कंपनीचं म्हणणं इथे चालत नाही. स्टॅम्पवर सही केली तरी ईएसआयचा हक्क असा लिहून देऊन सुटत नाही, पण सही केली की पुढे भांडण वाढतं, म्हणून करूच नका. आणि तो या इजेचा लाभ घेत असताना त्याला कामावरून काढता येत नाही, कलम ७३.

मालकाने रिपोर्ट दिला नाही म्हणून क्लेम मरत नाही. भावाने स्वतः लेखी कळवायचं, शाखा कार्यालयाला आणि एक प्रत कंपनीला, रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह. साध्या मराठीत चालतं. कुठल्या मशीनवर, किती वाजता, काय करताना, सोबत कोण होतं. महामंडळाचा अधिकारी मग चौकशी करतो. नाकारलं तर कर्मचारी विमा न्यायालय आहे, ३ वर्षांची मुदत.

बोईसरकर:
वकीलसाहेब, पण लेबर कोर्टात एकरकमी नुकसानभरपाई मिळते ना? आमच्याकडे एकाला साडेतीन लाख मिळाले होते, त्याचीही दोन बोटंच होती.

काळा_कोट:
तो माणूस ईएसआयमध्ये बसत नसणार. २१ हजारच्या वर पगार असेल किंवा कारखान्यात १० पेक्षा कमी माणसं असतील तर १९२३ चा नुकसानभरपाई कायदा लागतो. त्यात पगार कितीही जास्त असो महिन्याला १५ हजारच धरतात, त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले वयाचा आकडा (२५ वर्षांना २१६.९१), गुणिले १८ टक्के. येतात साधारण ३ लाख ५१ हजार. शिवाय दवाखान्याचा खर्च. महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज. तिथे दावा २ वर्षांच्या आत लावायचा. पण ईएसआय लागू असलेल्याला हा रस्ता बंद, ईएसआय कायद्याचं कलम ५३. दोन्हीकडून मिळत नाही. गावोगाव लोक 'दहा लाख काढून देतो' म्हणत फिरतात त्यांच्यापासून लांब राहा.

डायसेटर:
ताई मी भोसरीत १९ वर्षं डाय सेट करतोय, प्रेसने डबल मारला म्हणजे काय ते सांगतो, चौकशीला कामाला येईल. जुने प्रेस की-क्लचचे असतात, पेडल मारलं की आतली की (खीळ) सुटते, फ्लायव्हीलला म्हणजे फिरत्या जड चाकाला धरते आणि रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, एक फेरी मारून वर येऊन थांबायला पाहिजे. कीची धार गेली किंवा स्प्रिंग ढिली झाली की रॅम वर थांबतच नाही, पेडल सोडलं तरी परत खाली येतो. आणि या प्रेसला एकदा सुटला की मधे थांबवता येत नाही, सेन्सर लावला तरी फेरी पूर्ण करणारच, त्यामुळे पुढे पक्का गार्ड पाहिजे किंवा चिमट्याने पीस काढायचा. पण चिमट्याने तासाला ३०० पीस निघत असतील तर हाताने ५०० निघतात आणि टार्गेट ५०० चंच असतं, मग चिमटा कोपऱ्यात पडतो आणि कोणी विचारलं की 'ऑपरेटरनेच वापरला नाही'.

भावाला विचारा, आधी कधी डबल मारला होता का? मेंटेनन्सला कोणी सांगितलं होतं का? व्हॉट्सअ‍ॅपच्या शिफ्ट ग्रुपवर नक्की काहीतरी असेल. आणि प्रेसचा नंबर, किती टनी ते लिहून घ्या, कारण अशा वेळी क्लच रातोरात दुरुस्त होतो.

परभणीकर_ताई:
दादा तुम्ही मनकवडे आहात. ग्रुपवर ९ ऑगस्टचा त्याच्याच जोडीदाराचा आवाज आहे, '४ नंबर डबल मारतोय, कोणीतरी बघा', आणि खाली सुपरवायझरचा अंगठा. नुसता अंगठा! मी तो डाउनलोड करून बहिणीला आणि नवऱ्याला दोघांना पाठवून ठेवला.

पण अडचण वेगळीच आहे. भाऊ तक्रार करायला तयार नाही. त्याच ठेकेदाराकडे आमच्या गावची तीन पोरं आहेत, त्यातलं एक आमच्या चुलत्याचं. भाऊ म्हणतो मी कागद टाकला की उद्या त्यांचा गेटपास बंद. चुलत्याचा फोन पण येऊन गेला, 'ताई जरा समजून घे, दोघांची लग्नं व्हायचीत'. मी काय समजून घेऊ? उजव्या हाताने त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही, आई लावून देते.

उगाचच_राव:
हेच म्हणत होतो मी. गावाकडे तोंड दाखवायचंय ना परत.

कॅज्युअल्टी_सिस्टर:
रावसाहेब तुम्ही जरा थांबा.

ताई, मी २२ वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे, केस पेपर कसा लिहिला जातो ते सांगते. पेशंट कळवळत असतो, सोबतचा माणूस बोलतो, डॉक्टर ते लिहितो, 'सांगितल्याप्रमाणे घरी दारात बोट सापडून इजा'. डॉक्टर साक्षीदार नसतो, तो ऐकलेलं लिहितो. म्हणून ती ओळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. पण ती खोडायला लावू नका, खोडाखोड दिसली की पेपरच संशयात येतो. भावाच्या सहीने हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या की त्या वेळी सोबतच्या माणसाच्या सांगण्यावरून चुकीची माहिती दिली गेली, इजा अमुक ठिकाणी मशीनवर झाली, याची नोंद आजच्या तारखेने पेपरला जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्या.

आणि पूर्ण फाइल मागा, नुसता डिस्चार्ज कार्ड नाही. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असा डॉक्टरांना नियम आहे. त्यात ऑपरेशनची नोंद असते ती ओळ न् ओळ वाचा. जखम धुताना काय निघालं ते आम्ही लिहितोच, काळं ऑइल, ग्रीस, लोखंडाचा कीस. आता घरच्या दाराला ग्रीस कुठून आलं हो?

वर्कशॉपवाला:
सगळे मालकांना शिव्या घालताहेत म्हणून लिहितो. माझं १४ माणसांचं वर्कशॉप आहे, तीन प्रेस. सगळे मालक तसे नसतात. मोठ्या कंपन्या दर वर्षी रेट कमी करा म्हणतात, ऑडिटला येतात तेव्हा गेटवर 'अपघातमुक्त दिवस' चा बोर्ड बघतात, त्यावर आकडा शून्य झाला की आमचं रेटिंग पडतं आणि ऑर्डर शेजाऱ्याला. लपवणं चूक आहेच पण हे पण कोणी लिहायला पाहिजे.

पेन्शनीतला_कारकून:
वर्कशॉपवाले साहेब, तुम्ही १४ जणांचा हप्ता वेळेवर भरता का? भरत असाल तर मला सांगा, रिपोर्ट दिल्याने तुमचा एक रुपया तरी वाढतो का? मालकाचा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५, शंभर अपघात झाले तरी तेवढाच. पैसे महामंडळ देतं, तुम्ही नाही. मग लोक लपवतात कशासाठी? मी टेबलावर बसून इतकी वर्षं हेच बघितलं की लपवायचा असतो तो अपघात नसतोच, लपवायचं असतं ते मस्टर. कामावर ६० माणसं आणि कागदावर २२. एका बोटाचा रिपोर्ट गेला की बाकीची ३८ दिसतात.

वर्कशॉपवाला:
माझे १४ च्या १४ कागदावर आहेत. पण बाकी तुम्ही म्हणता ते नाकारत नाही, आमच्या गल्लीतच आहेत तसले.

बोईसरकर:
कारकून काकांना +१. सेफ इन इंडिया म्हणून एक संस्था आहे, हरियाणात मानेसर, फरिदाबादकडे गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसाठी काम करते, त्यांच्या अहवालात पण हेच येतं, कित्येकांना ईएसआयचं कार्ड मिळालं तेच मुळी बोटं गेल्यानंतर. आणि जास्त बोटं खाणारं मशीन कुठलं तर पॉवर प्रेस.

काळा_कोट:
ताई, गावच्या पोरांबद्दल. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईएसआयचा अर्ज हा भावाचा स्वतःचा विम्याचा क्लेम आहे, कुणाविरुद्धची फिर्याद नाही, तो त्याने करायलाच हवा. मशीनची तक्रार वेगळी, ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे जुन्या भाषेत फॅक्टरी इन्स्पेक्टर. माणूस ४८ तास किंवा जास्त कामाला मुकला की त्यांना कळवणं मालकावर बंधनकारक आहे, फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ८८. आणि तक्रार कुणी केली ते इन्स्पेक्टरने फोडायचं नाही असं कलम ११८ अ सांगतं. आता अपघातानंतर लगेच तक्रार आली की मालक अंदाज बांधणार, हे मलाही कळतं. पोरांना हाच रस्ता सांगा की तुम्ही तक्रार करू नका, पण चौकशीला अधिकारी आला आणि विचारलं तर जे बघितलं ते सांगा, एवढंच.

'गार्ड त्यानेच काढला होता' असा पवित्रा येईल. येऊ दे. नियम मोडून काम करताना लागलं तरी काम मालकाच्या धंद्यासाठी चाललेलं असेल तर ती रोजगार इजाच धरतात, ईएसआय कायद्याचं कलम ५१ ब.

परभणीकर_ताई:
अपडेट. हॉस्पिटलची फाइल मिळाली, तीन चकरा मारल्या तेव्हा. सिस्टर, तुमच्या तोंडात साखर पडो. ऑपरेशनच्या कागदावर लिहिलंय की जखमेत ग्रीस आणि धातूचे कण, सलाईनने धुतलं. डॉक्टरांनी भावाचा अर्ज घेतला, शिक्का दिला, काही बोलले नाहीत. भावाने शाखा कार्यालयाला पत्र दिलं, डाव्या हाताने सही केली, ती सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही म्हणून तिथल्या बाईंनी अंगठा पण घेतला. पासबुक, व्हॉट्सअ‍ॅप, फाइल, सगळ्याच्या झेरॉक्स. पगार त्यांनी १३ हजार दाखवलाय काका, तुम्ही म्हणालात तसंच.

चुलते बोलत नाहीत आमच्याशी. गौरी-गणपतीला गावी गेलो नाही.

पेन्शनीतला_कारकून:
पगाराबद्दल वेगळा अर्ज द्या, पासबुकाच्या एंट्रीसकट. एकाच अर्जात दहा गोष्टी घातल्या की टेबलावर फक्त पहिली वाचली जाते, हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. दवाखान्यातून दर वेळी दाखला घ्या, खंड पडू देऊ नका, मधे आठवडा सुटला की तेवढ्या दिवसांचे पैसे अडकतात. उत्तर येत नसेल तर केंद्र सरकारच्या पीजी पोर्टलवर तक्रार टाका, तिथून विचारणा आली की फाइल खालून वर येते.

परभणीकर_ताई:
जानेवारीतला अपडेट, उशीर झाला, माफ करा. अधिकारी नोव्हेंबरात कंपनीत जाऊन आले. चुलत्याच्या पोरानेच सांगितलं म्हणे की हो, ४ नंबरवर झालं, मी दिवा धरला होता. त्याचा गेटपास आठ दिवसांनी बंद झाला, आता तो दुसऱ्या ठेकेदाराकडे तळेगावला लागलाय. रोजगार इजा म्हणून मंजूर झालं, घरी बसलेल्या दिवसांचे पैसे आले, सध्या १३ हजाराच्या हिशोबाने. पगाराचा अर्ज चालू आहे. बोर्डाची तारीख पुढच्या महिन्यात आहे, जुना एक्सरे चालेल की नवीन काढून न्यायचा?

कॅज्युअल्टी_सिस्टर:
दोन्ही न्या. आणि बोटं आखडत असतील, थंडीत ठणकत असतील तर ते बोर्डाला सांगायला लावा त्याला, पोरं लाजून 'बरंय' म्हणतात.

नवा_सभासद_लातूर:
धागा वर काढतोय, डिसेंबर २०२५. माझ्या वडलांना सेम प्रॉब्लेम झालाय, रांजणगावला, कन्व्हेअरमध्ये मनगट. आता नवीन कायदे आलेत म्हणतात, वरचं सगळं लागू आहे का अजून?

काळा_कोट:
२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. ईएसआय आणि १९२३ चा कायदा दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, फॅक्टरी अ‍ॅक्ट दुसऱ्या संहितेत. त्यामुळे वर मी जे कलमांचे आकडे दिलेत ते तसेच्या तसे अर्जात उतरवू नका. तुमचा अपघात कुठल्या तारखेचा?

नवा_सभासद_लातूर:
४ डिसेंबर. वडील १० वर्षांपासून तिथेच आहेत पण ठेकेदार तीन वेळा बदलला. अजून अ‍ॅडमिटच आहेत.

परभणीकर_ताई:
दादा अ‍ॅडमिट आहेत ना, मग आत्ताच वॉर्डात जाऊन केस पेपरवर 'कसं लागलं' च्या पुढे काय लिहिलंय ते बघा आणि फोटो काढा. नाव झाकून इथे टाका, सिस्टर रात्री ऑनलाइन असतात.